टोगोचं नाव पण छापा

मा. संपादक,

स्लेज डॉग (बर्फावरची गाडी ओढणारा कुत्रा) म्हटलं की सगळे बाल्टोचंच नाव घेतात, वाईट वाटतं खरंच. १९२५ ला अलास्कात नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या टीम्सनी रिले करून औषध पोचवलं, त्यात सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा, गोठलेल्या समुद्रावरून, सेप्पाला या स्लेज चालवणाऱ्याच्या टोगो कुत्र्याने काढला, तोही उतारवयात!! बाल्टो शेवटच्या टप्प्याला होता, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याच वर्षी पुतळा त्याचा.

आता इडिटारॉडला (स्लेज डॉगची शर्यत, अँकरेज ते नोम, साधारण १६०० किमी) बहुतेक टीम्स मिश्र जातीच्या अलास्कन हस्कींच्या, कारण त्या फास्ट. तरी काही जण टोगोच्या जातीचे सायबेरियन हस्कीच घेऊन उतरतात, जिंकणं अवघड आहे माहीत असून, त्यांच्यावर पण लिहा ना प्लीज.

एक वाचक