साउदर्टनला संधी उशिरा मिळाली म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या क्विझमध्ये सर्वात जास्त वयात टेस्ट डेब्यू कोणी केला असा प्रश्न होता. उत्तर इंग्लंडचा बॉलर जेम्स साउदर्टन, 49 वर्षं 119 दिवस, एकदम बरोबर. पण खालच्या चौकटीत जे लिहिलंय की पन्नाशीला टेकेपर्यंत हा माणूस चान्सची वाट बघत राहिला, जिद्द असावी तर अशी, वगैरे, ते वाचून राहवलं नाही. अहो वाट कसली बघतोय तो! त्याचा डेब्यू झाला ती मार्च 1877 मधली मेलबर्नची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मॅच म्हणजे जगातली पहिलीच टेस्ट, त्याआधी टेस्ट हा प्रकारच नव्हता तर चान्स देणार कोण आणि नाकारणार कोण? खेळणाऱ्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं की आपण टेस्ट खेळतोय, तो शिक्का मागाहून बसला.

साउदर्टन ससेक्समधल्या पेटवर्थचा, जन्म 1827. सरे या काउंटीकडून (काउंटी म्हणजे इंग्लंडमधला जिल्ह्यासारखा भाग, प्रत्येकाची आपली टीम) पहिली मॅच 1854 मध्ये, म्हणजे मेलबर्नला पोचेपर्यंत 23 वर्षं काउंटी क्रिकेट खेळून झालेलं. आणि एकाच काउंटीकडून नाही हं, 1867 च्या एकाच सीझनमध्ये तो सरे, ससेक्स आणि हॅम्पशर अशा तिघांकडून खेळला. तेव्हा तसं चालायचं कारण जन्माची काउंटी की राहण्याची काउंटी, एका सीझनला एकच, हा नियम आला 1873 मध्ये. प्रोफेशनल माणूस, मॅचमागे पैसे मिळायचे, बोलावलं की जायचं. आज लीगवाले खेळाडू टीम बदलतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

बॉलिंग म्हणाल तर स्लो राउंडआर्म ऑफब्रेक, हात साधारण खांद्याच्या उंचीवरून. डोक्यावरून हात फिरवायला 1864 मध्येच परवानगी मिळाली होती पण याने आपली जुनी पद्धत सोडली नाही. विकेटमागे सरेचा कीपर टेड पूली. बॅट्समन पुढे आला, चुकला, की पूलीने बेल्स उडवल्याच! 1870 मध्ये या स्लो बॉलिंगवर 210 विकेट्स काढल्या, एका सीझनमध्ये 200 चा आकडा गाठणारा पहिला बॉलर, आणि वय तेव्हा 42. पिचेस खडबडीत होती, मान्य, पण ती सगळ्यांनाच होती ना. माझ्या मते त्याची खरी ओळख ही, ती डेब्यूची तारीख नव्हे.

मेलबर्नला गंमत अशी झाली की पूली नव्हताच, बेटिंगच्या भांडणातून पोलीस केस होऊन न्यूझीलंडमध्ये अडकून पडलेला. नेहमीचा कीपर नसताना साउदर्टनने पहिल्या इनिंगला 61 रन्समध्ये 3 विकेट्स काढल्या, तेही ऑस्ट्रेलियाचा बॅनरमन 165 ठोकत असताना.

तुमच्या चौकटीत प्रवीण तांबेंचं नाव जोडलंय तेही पटलं नाही. तांबे एकही रणजी मॅच न खेळता 41 व्या वर्षी आयपीएलमध्ये आले, त्यांना खरोखर कोणी विचारत नव्हतं, ती जिद्दच. साउदर्टनला जोडायचंच असेल तर रुस्तमजी जमशेदजींना जोडा, डिसेंबर 1933, बॉम्बे जिमखाना, 41 व्या वर्षी डेब्यू, भारताकडून आजही सर्वात वयस्कर. तीसुद्धा आपल्या भूमीवरची पहिलीच टेस्ट होती!

बाकी एक राहिलं. साउदर्टन जून 1880 मध्ये मिचमला वारला, तिथे तो पब चालवायचा. टेस्ट खेळलेल्यांपैकी जाणारा तो पहिला. इंग्लंडमधली पहिली टेस्ट त्यानंतर तीनच महिन्यांनी झाली, ओव्हलवर, म्हणजे सरेच्याच मैदानावर. पुढच्या क्विझला प्रश्न कमी पडले तर यातले दोन-तीन सहज निघतील, चौकट मात्र जरा तपासून छापा.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली