मेलेली खाती उठून बसली तेव्हा

ताई, नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. आभार मात्र उघडच मानणार. ज्या पतसंस्थांचा हिशेब अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये अडकलाय, त्यांच्याही कानावर जाऊ दे.

मार्चअखेर तोंडावर आली होती. आमचा जुना प्रोग्रॅम ज्यांनी लिहिला त्यांचा फोन 'सेवेत नाही'. मायक्रोसॉफ्टनं तर व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ च्या जानेवारीतच बंद केलेला. नव्या सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं होतं, डीबीएफ फायली (फॉक्सप्रोचा डेटा ज्यात असतो त्या) द्या, बटण दाबलं की सगळं पोस्टग्रेस या नव्या डेटाबेसमध्ये. दाबलं. नावांची खिचडी झाली आणि सभासद एका रात्रीत ११२ नं वाढले. तक्रार केली की तिकीट नंबर यायचा. असे अकरा जमले माझ्याकडे. एसटीच्या तिकिटावर निदान लातूर तरी गाठता येतं.

कॅशियरनं तुमचा नंबर दिला. मी रडगाणं लावलं, "ताई, काहीच चालंना झालंय." तुम्ही म्हणालात, "काका, काहीच म्हणजे काय? स्क्रीनवर आलंय ते जसंच्या तसं वाचून दाखवा." खरं सांगतो, राग आला. मग जुन्या मेल काढून पाहिल्या. तीन आठवड्यांत एकाही मेलमध्ये मी तो संदेश लिहिलाच नव्हता. सगळीकडे 'तरी लवकर दुरुस्त करावे ही नम्र विनंती', रजेच्या अर्जासारखं. तुम्ही सांगितलंत तसा कागद केला: कुठली आवृत्ती, कुठली फाईल, कितवी नोंद, काय व्हायला हवं होतं, काय झालं. तोच कंपनीला पाठवला, तर दोन तासांत माणसाचं उत्तर आलं. इतके दिवस ते आळशी वाटत होते. थोडे होतेही.

सगळ्या फायली पाठवतो म्हणालो तर तुम्ही साफ नकार दिलात. लोकांच्या ठेवी मला बघायच्या नाहीत, नावं आणि खाते क्रमांक बदलून वीस ओळी पाठवा, आणि आधी मूळ फोल्डरची कॉपी काढून कपाटात ठेवा.

त्या वीस ओळींतच सगळं निघालं. फॉक्सप्रोत खातं डिलीट केलं तरी ते फाईलमधून जात नाही. नोंदीच्या पहिल्या जागी नुसती फुली बसते आणि पॅक करेपर्यंत, म्हणजे फुली पडलेल्या नोंदी फाईलमधून कायमच्या काढेपर्यंत, ती नोंद तिथंच पडून राहते. आम्ही कधी पॅक केलंच नव्हतं. कंपनीच्या प्रोग्रॅमनं ती फुली पाहिली नाही, म्हणून बंद झालेली ११२ खाती उठून बसली. त्यात आमच्या दिवंगत अध्यक्षांचंही. शिपायानं हात जोडले.

नावांचा घोळ कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टचा. तिथं क म्हणून दिसतो तो आत इंग्रजी डी असतो, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, ती अक्षरानंतर साठवावी लागते. हे समजावत होतात तेव्हा आमच्याकडे आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. मी एका हातानं पाइप धरून ऐकत होतो, म्हणून रफाराचं तुम्हाला दोनदा सांगावं लागलं.

जन्मतारखेची गंमत तर मी अजून सांगत फिरतो. जिथं तारीख कोरी होती तिथं कंपनीनं १ जानेवारी १९०० घातली. झालं! निम्मे सभासद शंभरी पार आणि सगळ्यांना ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर. कोरं ते कोरंच राहू द्या, नल (म्हणजे 'माहिती नाही') ठेवा, हे तुमचं एक वाक्य नसतं तर संस्थेला केवढ्याला पडलं असतं याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

शेवटी तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या गोषवाऱ्यात, ४३ पैशांचा फरक उरला. मी म्हणालो, जाऊ द्या. तुम्ही सोडलं नाहीत. रकमेचा रकाना फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा) होता, तो न्यूमेरिक (पैसा न् पैसा अचूक ठेवणारा) करायला लावलात आणि बचत, पिग्मी, कर्ज, शेअर्स अशी प्रत्येक बेरीज जुन्या तेरजेशी लावून घेतलीत. एकही आकडा तुम्ही स्वतः बदलला नाहीत, सगळं आमच्याच हातून. तेव्हा कंटाळा आला होता. आता कंपनीचा माणूस आला की त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मीच बसतो.

पैसे तुम्ही घेणार नाहीच, म्हणून पाच किलो तूरडाळ पार्सलनं पाठवलीय. उदगीरचीच आहे, परत धाडू नका.

आपला,
लेखापाल काका

ता.क. बॅकअप नुसता घेऊ नका, दुसऱ्या मशीनवर उतरवून बघा म्हणाला होतात. रविवारी उतरवला. तेरीज जुळली.