आमचा ओढा नस्तीबद्ध केल्याबद्दल

मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार, वि. वि.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवरून उतरून मुळा नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी मी २९ वर्षे राहते. महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर, चार वर्षांपूर्वी, शेजारच्या दहा-बारा जणांबरोबर दर रविवारी या ओढ्याच्या पाण्याची नोंद ठेवू लागले. असे सुमारे दोनशे रविवार झाले असतील, पाच-दहा इकडेतिकडे. ओढ्यात सुटणाऱ्या मैलापाण्याबद्दलच्या आमच्या तक्रारीवर गेल्या मंगळवारी एका सरकारी कार्यालयाचे पत्र हाती पडले. त्यात दोनच ओळी आहेत: आपली निरीक्षणे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील नसल्याने ग्राह्य धरता येत नाहीत, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. म्हणजे फाइल बंद.

याच कार्यालयातल्या साहेबांनी जानेवारीत आमच्या तिन्ही वह्या चाळल्या होत्या, चहा पाजला होता आणि पंधरा दिवसांत आमचा माणूस पहाटे तुमच्याबरोबर येऊन नमुने घेईल, असा शब्द दिला होता. पहाटेचा आग्रह आमचा होता, आणि तो हट्ट नव्हे. दिवसा ऊन मिळाले की पाण्यातले शेवाळ ऑक्सिजन सोडते. रात्री तेच शेवाळ आणि मैल्यावर पोसलेले जिवाणू तो संपवून टाकतात, त्यामुळे ओढ्याची खरी अवस्था उजाडण्यापूर्वीच कळते. माणूस आला तो जूनमध्ये, आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गेल्यावर, सकाळी साडेअकरा वाजता. मैलापाण्याचा पाइप ज्या पुलाच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला सुटतो, त्या पुलावर उभे राहून त्याने प्रवाहाच्या वरच्या बाजूला, म्हणजे मैला मिसळण्याआधीच्या पाण्यात, दोरीने बादली सोडली. मी खाली चिखलात उभी राहून हातवारे करत होते. अहवालात पाणी समाधानकारक निघाले. न निघून सांगते कोणाला?

आमच्या अनधिकृत बाटलीत काय दिसते, तेही ऐकावे. पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की साका तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तो तपकिरी होतो आणि नसेल तर दुधासारखा पांढराच राहतो. मे महिन्यातल्या चारही रविवारी पाइपाखालचा साका पांढरा होता. आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असावा, हा सरकारचाच निकष आहे. दगड उलटला तर पूर्वी खाली चतुरांच्या अळ्या सापडत. आता फक्त लाल अळ्या वळवळतात, ज्यांचे जवळजवळ ऑक्सिजनशिवायही भागते. हे पाहायला कोणती मान्यता लागते?

गेल्या श्रावणात काठावरून घसरून माझे उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, पण रविवार चुकवला नाही. ब्युरेटची, म्हणजे रसायन थेंबाथेंबाने सोडायच्या काचनळीची, तोटी डाव्या हाताने फिरवायला शिकले. पायांना जे इसब झाले ते अजून जात नाही, अभिकर्मकांचा, म्हणजे चाचणीच्या रसायनांचा, खर्च निवृत्तिवेतनातून होतो आणि सोसायटीत मला नालेवाल्या मावशी म्हणतात. मनगटाचा एक्स-रे मात्र मान्यताप्राप्त ठिकाणी काढलेला आहे. हवा असल्यास तीन प्रतींत सादर करीन.

२ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून शासनाने ‘चला जाणूया नदीला’ हे अभियान सुरू केले, ७५ नद्यांची नावे घेतली, लोकांनी पुढे यावे म्हटले. लोक पुढे आले. फोटोपुरते आम्ही नदीमित्र असतो आणि आकडे घेऊन आलो की आगंतुक ठरतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते, त्यांत आपले ५३. २०२२मध्ये देशाचे ३११वर उतरले आणि आपले ५५ झाले. दोन्ही वेळा पहिला नंबर महाराष्ट्राचा, तरी सत्कार का झाला नाही कोण जाणे. नद्यांची ही गत, तर त्यांना मिळणारे ओढे कोण मोजणार? कागदोपत्री ओढ्याचा आधी नाला करायचा, मग नाल्यात मैला जायचाच म्हणून हात झटकायचे, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याने माणसे वाहून नेली, तेव्हा चार दिवस सर्वांना ओढे आठवले होते.

न्यायालयात पुरावा म्हणून चालायला नमुना १९७४च्या जलप्रदूषण कायद्याप्रमाणे, मोहोरबंद करूनच घ्यावा लागतो, हे मला ठाऊक आहे, आणि माझी बाटली साक्षीला उभी करा असे मी म्हटलेले नाही. आमच्या नोंदी पाहून कुठे आणि किती वाजता नमुना घ्यायचा एवढे तुमच्या माणसांनी ठरवावे, आणि आलेला अहवाल आम्हाला द्यावा. त्याच कायद्याच्या कलम ४९ने साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाण्याचा अधिकार साध्या नागरिकालाही दिला आहे. ती नोटीस लिहून तयार आहे, टपालात टाकलेली नाही.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही नेहमीप्रमाणे पुलाखाली असू. आपला माणूस पाठवावा. गमबुटांचा एक जादा जोड आहे, नऊ नंबरचा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, पुणे