हानलेला जाण्याआधी वाच

बेळगाव

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर लडाखला हानलेच्या वेधशाळेत जाणार म्हणालीस आणि तुझ्या आईनं लगेच कुंदा कसा पाठवायचा ते सुरू केलं. माझं बोलणं राहूनच गेलं. हानले ४५०० मीटरवर आहे, आपलं बेळगाव साडेसातशेच्या आसपास. एवढंच सांगायचं होतं. बाकी पत्र आनंदाचं आहे.

बंगळूरजवळच्या होसकोटेत बसून हानलेची ती दोन मीटरची दुर्बीण उपग्रहाच्या जोडणीवरून चालवता येते, हे तूच सांगितलेलंस. मग जायलाच हवं का, असं मनात आलं. पण ताऱ्याच्या उजेडातले रंग वेगळे करून वर्णपट घेणारं यंत्र प्रत्यक्ष बघायचंय म्हणालीस, ते पटलं. यंत्राला हात लावल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही, हे फाउंड्रीत जन्म घालवलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बारावीच्या सुट्टीत तू उद्यमबागेत डबा घेऊन यायचीस. लॅडलमधल्या, म्हणजे ओतायच्या भांड्यातल्या, रसाचा रंग बघून मी तापमान सांगायचो. एकदा म्हणालीस, बाबा, ताऱ्यांचंही असंच, तांबडा त्यातल्या त्यात थंड, पांढरा त्याहून तापलेला, निळा सगळ्यांत तप्त. निळे तारे जड, इंधन भराभर जाळून काही कोटी वर्षांतच संपतात. आपला सूर्य हजारेक कोटी वर्षं पुरणारा. म्हणून एखाद्या दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या पसाऱ्यात, निळा उजेड दिसला की तिथं तारे नुकतेच जन्मलेत, आणि सगळी पिवळट-तांबूस दिसली की बहुधा तिथला पाळणा कधीचाच थांबलाय. हे मी आजही नव्या पोरांना सांगतो. आणि सांगतो की आपण ओततो ते लोखंड ताऱ्यांच्या स्फोटांतून आलंय. मोठ्या ताऱ्याच्या पोटात लोखंड साचलं की पुढं ऊर्जा मिळत नाही आणि गाभा क्षणात ढासळतो. पोरं ऐकत राहतात. माझी मुलगी शिकलीय हे, असंही सांगून टाकतो.

जड तारा लवकर संपतो हे तुला माहीत आहे, मग रात्र-रात्र जागून, जेवण चुकवून काम कसलं करतेस? शरीराला विश्रांती लागते, वेळेवर... जाऊ दे. भाषण झालं. राग मानू नकोस.

त्या दुर्बिणीला शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव आहे. १९३० साली, वय एकोणीस, बोटीनं इंग्लंडला जाताना त्यांनी मेलेल्या ताऱ्याच्या वजनाच्या मर्यादेचं गणित मांडलं. त्यांची आई तेव्हा फार आजारी होती, तरी तिनंच जा म्हटलं. हे वाचल्यापासून तुला अडवायचं माझ्या तोंडून निघत नाही. पण मनू, छाती तुझी आहे. आषाढात तुझी छाती भरायची, टिळकवाडीपर्यंत स्कूटरवर तू आमच्या दोघांच्या मध्ये, आणि डॉक्टरांनी विचारलं की धापा टाकत म्हणायचीस, “बरं वाटतंय.” मला भीती उंचीची कमी आणि त्या ‘बरं वाटतंय’ची जास्त आहे.

२०२० च्या जानेवारीत खानापूरला आजोळच्या अंगणात मृग नक्षत्रातला काक्षी तारा मंदावलेला दाखवला होतास. सगळे म्हणत होते आता फुटणार. नंतर तूच सांगितलंस, त्यानंच बाहेर टाकलेली धूळ आड आली होती. त्या थंडीत शाल न घेता तासभर उभी होतीस, आजी ओरडली होती. रात्री खोकलीस. मला ऐकू येत होतं.

तू अभ्यासतेस ते म्हातारे तारे, ज्यांच्यात सूर्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी लोखंड सापडतं, बाराशे-तेराशे कोटी वर्षं थांबलेत. २०१८ मध्ये जुन्या ताऱ्यांच्या चालीवरून आणि घटकांवरून कळलं ना, की आपल्या आकाशगंगेनं हजारेक कोटी वर्षांपूर्वी दुसरी एक दीर्घिका गिळली होती? एवढ्या जुन्या गोष्टीचा माग माझी पोरगी काढते, याचा मला किती अभिमान वाटतो ते बोलताना जमत नाही. आणखी चार दिवस लेहला थांबलीस तर ते तारे कुठं जात नाहीत.

लेहही ३५०० मीटरवर आहे. उतरल्या उतरल्या धावपळ नको. तिथल्या डॉक्टरांना दम्याचं आधी सांग, ते हो म्हणाले तरच वर जा. पंप हातातल्या पिशवीत ठेव, सामानात टाकू नकोस, आणि एक जास्तीचा घे. धाप लागली तर मला सांग. आईला मी सांगेन.

तुझे,
बाबा