पगारावरचा कर आणि बिनकामाचा पैसा

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्रांनी माणसांची कामे घेतली तर सरकारने प्रत्येकाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा करावी, हे तुझे म्हणणे मला वेडगळ वाटत नाही. फुकटच्या पैशाने माणूस आळशी होतो, हा तुझ्या काकांचा आक्षेपही मी मानत नाही. इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांत २०११ पासून ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने प्रौढांना दरमहा २०० आणि मुलांमागे १०० रुपये, पुढे ३०० व १५०, कोणतीही अट न घालता दिले, तेव्हा अनेकांनी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात जास्त राबायला सुरुवात केली.

माझे घोडे अडते ते दुसरीकडे: हा पैसा आणायचा कोठून? नोकरीच्या सुरुवातीला मी माण तालुक्यात रोजगार हमीच्या पाझर तलावांवर मोजमापे घेत असे. खड्ड्यात मधोमध राखलेल्या मातीच्या उंचवट्यावरून खोली मोजायची आणि निघालेल्या मातीच्या हिशेबाने टोळीची मजुरी काढायची. कठीण मुरूम लागला की दिवसभर खपूनही बायकांच्या हाती कमी पैसे पडत, आणि हजेरीपटावर अंगठा उठवताना त्या चकार शब्द काढत नसत. घरात चार पैसे असते तर त्यांनी तसले काम खुशाल नाकारले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

पण ती मजुरी येई कोठून? १९७५ चा व्यवसाय कर मुख्यतः या योजनेसाठीच बसवला गेला. तुझ्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो हाच. शहरातल्या पगारदारावर गावातल्या कामाची हमी उभी राहिली. आता तुझ्याच अंदाजाप्रमाणे पगारदार घटले, तर पगारावरचे कर आटतील आणि सरकारचे देणे मात्र वाढेल. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने अशा रकमेसाठी माणशी वर्षाला ७,६२० रुपये, म्हणजे महिन्याला ६३५, हा आकडा मांडला होता; तोही सर्वांसाठी नव्हे, ७५ टक्के लोकांसाठी. एवढ्यासाठी रेशन आणि रोजगार हमी मोडीत काढणार असतील, तर माझा ठाम विरोध आहे.

माणसाच्या जागी यंत्र बसवून जो नफा होईल त्यावर कर लावावा, असे मला वाटते. मात्र कंपनीने तो नफा भलत्याच देशात दाखवला, तर आपल्या तिजोरीत काय येणार? याविषयी तुमच्या ऑफिसातली मंडळी काय म्हणतात, ते सविस्तर लिही.

तुझा,
बाबा