प्रोजेक्टवरचे प्रश्न कॉलेजातच विचारा

महोदय,

कॅम्पस प्लेसमेंटची मुलाखत आणि बड्या तंत्रज्ञान कंपनीतल्या संशोधन इंटर्नशिपची मुलाखत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नाशिकच्या अभियांत्रिकीच्या मुलांना तो वेळेवर कोणी सांगत नाही, याची मला शिक्षिका म्हणून फार खंत वाटते. मायक्रोसॉफ्टची संशोधन प्रयोगशाळा बंगळुरूत २००५ पासून आहे, गूगलनेही २०१९ मध्ये तिथेच आपली जाहीर केली. जागा मोजक्या, त्यातही बऱ्याच पीएचडी करणाऱ्यांना जातात. तरीही आपल्यातल्या एखाद्याचा अर्ज पुढे सरकतो, आणि तो अ‍ॅप्टिट्यूडची गणिते घोकून जातो. तिथे कोडिंग विचारतात, संभाव्यता विचारतात. पण खरा कस लागतो तो स्वतःचा प्रोजेक्ट सांगताना. समोर बहुधा ज्याच्या हाताखाली काम करायचे तो संशोधकच बसलेला असतो. तो मध्येच थांबवतो आणि हीच पद्धत का, हाच डेटा का, असे खोदून विचारत राहतो.

द्राक्षाच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारे संगणकाचे मॉडेल बनवण्याचा प्रोजेक्ट आपल्याकडे दरवर्षी कोणीतरी करतेच. सरावाच्या मुलाखतीत मी एका विद्यार्थिनीला विचारले, ‘‘फोटो कुठले?’’ ‘‘प्लांटव्हिलेजचे, मॅडम.’’ ‘‘त्यात केवडा आहे? भुरी?’’ ती गप्प झाली. प्लांटव्हिलेज या रोगट-निरोगी पानांच्या खुल्या फोटोसंग्रहात द्राक्षाचे तीनच रोग आहेत: ब्लॅक रॉट, एस्का आणि पानावरचा करपा. ज्यांच्या धास्तीने निफाड-दिंडोरीचा बागायतदार फवारणीवर पैसा ओततो, ते केवडा आणि भुरी हे रोग त्यात नाहीतच! शिवाय फोटो एकेक सुटे पान साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले. याच संग्रहावरच्या २०१६ च्या गाजलेल्या शोधनिबंधात अचूकता ९९ टक्क्यांच्या वर होती. वेगळ्या परिस्थितीतल्या फोटोंवर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, आणि हे लेखकांनीच त्यात नमूद केले आहे. प्रोजेक्ट करणाऱ्या किती मुलांनी तो निबंध शेवटपर्यंत वाचलेला असतो?

ती मुलगी सुटीत मामाच्या बागेत गेली, मोबाइलवर केवड्याच्या पानांचे फोटो काढून आली. मॉडेलने बहुतेक पानांना बेधडक करपा ठरवले. असे का झाले, याचा ती वहीत खरडत शोध घेऊ लागली. मुलाखतीत सांगण्यासारखे हेच असते.

आपल्याकडे मात्र चौघांच्या गटात एक जण राबतो, नाहीतर प्रोजेक्ट सरळ विकत आणला जातो. तोंडी परीक्षेत शीर्षक आणि अचूकतेचा आकडा विचारून सही होते. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, गुण कशाला मिळतात ते त्यांना बरोबर कळते. वाचायला साधन नाही ही सबबही चालणार नाही. शोधपत्रिका वाचायला देणारी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सरकारी संस्थांपुरती असली, आणि आपली बहुतेक कॉलेजे खासगी असली, तरी संगणकशास्त्रातले बरेचसे ताजे शोधनिबंध अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

सर्व विभागप्रमुखांना माझी कळकळीची विनंती आहे. आठवड्यातून एक तास एकच शोधनिबंध सर्वांनी मिळून वाचावा. प्रोजेक्टच्या अहवालात मॉडेल कुठे चुकते याचे एक प्रकरण सक्तीचे करावे आणि त्याला अचूकतेइतकेच गुण द्यावेत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी निदान एक फोटो स्वतः सोबत आणून मॉडेलपुढे ठेवावा.

— एक प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक