पाळीव प्राण्याच्या दहनाचा खर्च आधी समजायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरचे कुत्रे किंवा मांजर दगावले की काही तासांच्या आत त्याच्या अंत्यविधीचा निर्णय घ्यावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी पैशांचे विचारायला जीभ रेटत नाही. आमच्या कुत्रीच्या वेळी फोनवर एक रक्कम सांगितली गेली. नंतर वाहतूक, रात्रीची वेळ आणि अस्थी यांचे पैसे वेगळे धरून ती जवळजवळ दुप्पट झाली. पैसे गेल्याचे दुःख नाही, पण ते कशाचे होते हे आधी कळले असते तर मनाला लागले नसते.

हा खर्च मुळात अवाजवी असतोच असे नाही. भट्टी साधारण आठशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापवावी लागते आणि आत मांजर असो वा मोठा लॅब्राडोर, तापवण्यापुरते इंधन जळतेच. त्यापुढचा वेळ मात्र वजनावर अवलंबून असतो: लहान जनावराला तासाभराच्या आत, तर मोठ्या कुत्र्याला दोन तासही लागतात. म्हणूनच दर वजनाप्रमाणे असतो आणि अनेक प्राण्यांचे एकत्र दहन स्वस्त पडते. एकत्र दहनात अस्थी वेगळ्या करता येत नाहीत, हे मात्र मालकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘स्वतंत्र दहन’ म्हणजे काय, हेही विचारून घ्यावे. कारण काही ठिकाणी भट्टीत खरोखर एकच प्राणी ठेवतात, तर काही ठिकाणी मध्ये आडोसा किंवा अंतर ठेवून दोन-तीन प्राणी एकाच वेळी ठेवले जातात आणि त्यालाही तेच नाव दिले जाते. तीस किलोच्या कुत्र्याची राख साधारण किलोभर भरते, एवढे ठाऊक असले तरी हातात आलेल्या कलशाबद्दल प्रश्न विचारता येतो.

पुरण्याचा पर्याय आपल्याकडे आता फारसा उरलेला नाही. विश्रामबाग परिसरातील सदनिकांत राहणाऱ्यांना अंगणच नाही. नदीकाठाचा विचार करावा, तर कृष्णेचे पाणी कुठवर चढते हे २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातच इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. हात-दीड हात खोल पुरलेले जनावर भटकी कुत्री उकरून काढतात. शेत असेल त्याने किमान तीन-चार फूट खोल आणि विहिरीपासून दूर पुरावे. दयामरणाचे इंजेक्शन दिले असेल तर अधिक काळजी हवी, कारण अशा काही औषधांचा अंश शरीरात राहतो आणि ते खाणाऱ्या प्राण्या-पक्ष्यांना बाधतो.

मृत जनावरांची विल्हेवाट हे नागरी स्वराज्य संस्थेचे काम आहे. ते कचऱ्याच्या गाडीवर भागवले जाते तेव्हा ज्याने दहा-बारा वर्षे ते जनावर लेकरासारखे सांभाळले, त्याला काय वाटत असेल याचा विचार व्हावा. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाड येथे गॅसवर चालणारी प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली आणि ती सेवा नागरिकांसाठी निःशुल्क ठेवली. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनेही अशी भट्टी उभारावी. तिला सगळा भार उचलणे जमणार नसेल, तर वाजवी शुल्क घ्यावे. ते द्यायला बहुतेक जण तयार होतील.

भट्टी उभी राहीपर्यंत एक काम बिनखर्चाचे आहे. वजनानुसार दर, एकत्र की स्वतंत्र दहन, वाहतूक, रात्रीचा आकार आणि अस्थी परत मिळण्याची सोय यांची माहिती देणारे मराठी दरपत्रक ही सेवा देणाऱ्यांनी लावावे आणि पशुवैद्यकांनीही ते आपल्या दवाखान्यात ठेवावे. महापालिकेने श्वान परवान्यासोबत त्याची प्रत द्यावी, म्हणजे जनावर धडधाकट असतानाच घरात ते वाचले जाईल.

कळावे,
आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली